मॅडलिन प्रायर किती वेळा मेली?

पोस्ट मोठी आहे, आधीच सांगतो. एरवी मी इथे पाणीपट्टी, बदल्या, रखडलेले पूल आणि चौकशी समित्या यांच्यावर लिहितो. आज एका अमेरिकन कॉमिक्समधल्या खलनायिकेवर लिहिणार आहे. कारण चौकशी समिती कशी चालते, म्हणजे दोष कुणाच्या नावावर टाकायचा हे आधी ठरतं आणि पुरावा मागाहून कसा तयार होतो, हे मला कुठल्याही अहवालापेक्षा या बाईच्या गोष्टीतून जास्त नीट कळलं.

बाईचं नाव मॅडलिन प्रायर. मार्व्हल कंपनीच्या 'एक्स-मेन'मधली. गॉब्लिन क्वीन म्हणूनही ओळखतात. काळे कपडे, लाल केस, भुताखेतांचं सैन्य, स्वतःच्या तान्ह्या पोराचा बळी द्यायला निघालेली आई. मेली, परत आली, पुन्हा मेली, पुन्हा परत आली. दर वेळी सूड घ्यायला. कॉमिक्समध्ये मेलेलं कुणी मेलेलं राहत नाही हा जुना विनोद आहे, पण हिचं येणं-जाणं त्या विनोदात बसत नाही. बाकीचे परत येतात ते वाचकांना हवे असतात म्हणून. ही परत येते कारण तिचा हिशेब कुणी मिटवलाच नाही.

थोडं मागून सुरू करू.

ज्यांनी सिनेमे पाहिलेत त्यांना एक्स-मेन माहीत आहेत. जन्मतः अचाट शक्ती असलेले 'म्युटंट', जग त्यांना घाबरतं, प्रोफेसर झेवियरच्या शाळेत ते एकत्र राहतात. त्यातला पहिला नायक स्कॉट समर्स, उर्फ सायक्लॉप्स, आणि त्याचं प्रेम जीन ग्रेवर. ख्रिस क्लेअरमॉंट या लेखकाने १९७५ साली ही मालिका हातात घेतली आणि जॉन बर्न या चित्रकाराबरोबर तिला कुठल्या कुठे नेऊन ठेवलं. त्यांच्या कथेत जीनमध्ये 'फिनिक्स' नावाची वैश्विक शक्ती येते, ती तिला झेपत नाही, आणि एका क्षणी ती एक तारा गिळून टाकते. त्या ताऱ्याभोवतीच्या ग्रहावरचे पाचशे कोटी जीव मरतात.

क्लेअरमॉंट आणि बर्न यांचा मूळ शेवट असा होता की जीनची शक्ती काढून घेतली जाते आणि ती साधी बाई म्हणून घरी परत जाते. तो शेवट पुढे १९८४ मध्ये वेगळा छापूनही आला. पण तेव्हाचे मुख्य संपादक जिम शूटर म्हणाले, पाचशे कोटी माणसं मारल्यावर एवढीच शिक्षा? ही चालणार नाही. मला विचाराल तर शूटरचं म्हणणं चुकीचं नव्हतं. नायिका आहे म्हणून हत्याकांड माफ, असं कसं? तर सप्टेंबर १९८० च्या १३७ व्या अंकात जीन ग्रे चंद्रावर स्वतःचा जीव देते. वाचक हादरले. तोवर सुपरहिरोंच्या कॉमिक्समध्ये इतका मोठा मृत्यू क्वचितच झाला होता. आणि तो खरा वाटला, कारण त्यात गुन्हा होता, आणि गुन्ह्याची किंमतही.

आता विधुर नायकाचं काय करायचं? (लग्न झालं नव्हतं, पण विधुरच म्हणा.) क्लेअरमॉंटने जे ठरवलं ते मला आजही फार आवडतं. त्याला माणसं मोठी व्हायला हवी होती. लढून थकायला हवी होती, संसाराला लागायला हवी होती, मागच्यांना जागा करून द्यायला हवी होती. म्हणून १९८३ मध्ये, १६८ व्या अंकात, पॉल स्मिथच्या चित्रांमधून मॅडलिन प्रायर अवतरली. अलास्कात स्कॉटच्या आजी-आजोबांची मालवाहू विमानांची कंपनी, तिथे ही पायलट. नाव घेतलं होतं मॅडी प्रायर या इंग्रज लोकगायिकेवरून. दिसायला हुबेहूब जीन. विमान अपघातातून वाचलेली, आणि तो अपघात नेमका जीन मेली त्या दिवशीचा.

साहजिकच स्कॉटला शंका येते, ही जीनच तर नाही ना परत आलेली? या शंकेवर काही अंक चालतात. मास्टरमाइंड नावाचा खलनायक तिचा फायदा घेऊन सगळ्यांना भास घडवतो की मॅडलिनच फिनिक्स आहे. आणि मग, नोव्हेंबर १९८३ च्या १७५ व्या अंकात, उत्तर मिळतं: नाही. ही वेगळी बाई आहे. तिचं दिसणं हा निव्वळ योगायोग. स्कॉट तिच्याशी लग्न करतो, ते ती मॅडलिन आहे म्हणून.

हे ध्यानात ठेवा. १९८३ साली नोंद अशी होती: वेगळी बाई.

संसार सुरू झाला. मूल झालं, नाव नेथन. बाळंतपणाच्या वेळी नवरा पॅरिसला, मॅग्नेटोच्या खटल्यात. पुढच्याच अंकात, जानेवारी १९८६ मध्ये, एक्स-मेनचं पुढारपण कुणाचं यावर स्कॉट आणि स्टॉर्म यांची लढत होते. स्टॉर्मची शक्ती तेव्हा गेलेली होती, तरी ती जिंकते. क्लेअरमॉंटच्या मनात हिशेब साफ होता: आता तू घरी जा, बायको-पोराकडे बघ. नायकाला इतक्या सभ्यपणे निवृत्त केल्याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही.

पण वर, कार्यालयात, दुसरंच शिजत होतं.

एक्स-मेन तेव्हा जोरात खपत होतं. कंपनीला त्याच घरातली आणखी एक मालिका हवी होती. कल्पना अशी निघाली की १९६३ चे मूळ पाच एक्स-मेन परत एकत्र आणायचे आणि मालिकेचं नाव ठेवायचं 'एक्स-फॅक्टर'. अडचण एकच. पाचातली एक मेलेली. शूटरची अट होती की जीन परत येईल तर निर्दोष होऊन यायला हवी, हत्याकांडाचा डाग तिच्यावर असता कामा नये. तोडगा सापडला तो कर्ट ब्यूसिक या तेव्हा नवख्या माणसाकडे. चंद्रावर मेली ती जीन नव्हतीच. फिनिक्स शक्तीने जीनचं रूप घेतलं होतं. खरी जीन एका कोषात, न्यूयॉर्कच्या जमैका बेच्या तळाशी झोपलेली होती. ही कल्पना रॉजर स्टर्नमार्फत बर्नपर्यंत गेली आणि १९८५ च्या अखेरीस 'अ‍ॅव्हेंजर्स' आणि 'फँटॅस्टिक फोर'च्या अंकांतून जीन पाण्याबाहेर निघाली.

पाहा कशी सफाई आहे. गुन्हा केला नकलेने. खरी ती निष्पाप. पाचशे कोटींचा मामला एका झटक्यात बंद.

आणि मग 'एक्स-फॅक्टर'चा पहिला अंक. लेखक बॉब लेटन, चित्रं जॅक्सन गाइस. अलास्कातल्या घरात फोन वाजतो. जीन जिवंत आहे. स्कॉट निघतो. मॅडलिन सांगते, आता गेलास तर परत येऊ नकोस. तो जातो. पाळण्यात तान्हं पोर.

आपल्याकडे अशा बाईला एक सरळ शब्द आहे: टाकलेली. इंग्रजीत याच्याइतका रोखठोक शब्द मला सापडला नाही. आणि 'टाकलेली' म्हटलं की कुणी टाकली हा प्रश्न शब्दातच येतो.

क्लेअरमॉंटला हे अजिबात पटलेलं नव्हतं. ते त्याने पुढे मुलाखतींमध्ये बोलूनही दाखवलंय. पण पात्रं त्याची नव्हती, कंपनीची होती. अमेरिकन कॉमिक्समध्ये लेखक कामाचे पैसे घेतो, मालकी प्रकाशकाची. त्याने दहा वर्षं घडवलेला माणूस दुसऱ्या मालिकेत, दुसऱ्याच्या हातून, एका अंकात बायको सोडून पळाला.

तर कार्यालयापुढे आता प्रश्न उभा राहिला. आपला नायक, पोस्टरवरचा माणूस, बायको-पोराला सोडून जुन्या प्रेयसीकडे गेलाय. वाचकांना हे आवडलेलं नाही. सहाव्या अंकापासून 'एक्स-फॅक्टर' लिहायला आलेल्या लुईझ सायमन्सनच्या पदरात हे आयतं पडलं. तिने जमेल तेवढं सांभाळलं. स्कॉट अलास्कात परत जातो, तर घर रिकामं, बायको-पोराचा पत्ता नाही, कागदपत्रंसुद्धा गायब. त्याला पश्चात्ताप होतो वगैरे. पण जे छापलं ते छापलं.

इकडे क्लेअरमॉंटने आपल्या मालिकेत मॅडलिनला उचलून घेतलं, आणि हा भाग मला या सगळ्या प्रकरणातला सर्वांत चांगला वाटतो. तिच्यावर हल्ला झालेला, पोर पळवलेलं, ती इस्पितळात बेवारस रुग्ण म्हणून पडलेली. तिथून उठून ती एक्स-मेनबरोबर राहायला लागते. शक्ती नाही, गणवेश नाही, तरी त्यांच्यातली एक. १९८८ मध्ये डॅलस शहरात जग वाचवायला एक्स-मेन जीव देतात, तेव्हा ती त्यांच्याबरोबर मरते. टीव्हीचे कॅमेरे चालू असतात. त्या कॅमेऱ्यातून ती नवऱ्याला निरोप देते: आपलं पोर जिवंत आहे, त्याला शोध.

हा तिचा पहिला मृत्यू. सूडबिड काही नाही. रोमा नावाची देवता सगळ्यांना परत जिवंत करते आणि हे लोक ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात लपून राहतात. जग त्यांना मेलेलं समजतं. मॅडलिन तिथल्या यंत्रांवर बसून पोराचा माग काढत असते आणि एक दिवस पडद्यावर तिला दिसतो तिचा नवरा, जीनबरोबर. ती पडदा फोडते. पुढे स्वप्नात एक राक्षस येतो आणि विचारतो, तुला काय हवंय?

इथे माझ्या आजीच्या गोष्टी आठवल्याशिवाय राहत नाही. आमच्याकडे हडळ कोण होते? बाळंतपणात गेलेली, छळून मारलेली, जिची इच्छा राहून गेली ती. आजी हडळीचं वर्णन मजेत करायची, उलटे पाय आणि मोकळे केस, पण ती कुठली हे विचारलं की गप्प व्हायची. कारण उत्तर कुठल्या तरी ओळखीच्या घरात जाऊन थांबायचं.

मार्व्हलच्या कार्यालयानेही तो प्रश्न असाच टाळला. १९८८-८९ मधली 'इन्फर्नो' ही कथा, क्लेअरमॉंट आणि लुईझ सायमन्सन यांच्या मालिकांमध्ये मिळून चाललेली. न्यूयॉर्कवर नरक उतरतो, लिफ्ट माणसं खातात, आणि मधोमध मॅडलिन, आता गॉब्लिन क्वीन, नेथनचा बळी द्यायला उभी. आणि तिथेच मिस्टर सिनिस्टर हा खलनायक उलगडा करतो: मॅडलिन नावाची बाई कधी नव्हतीच. ती जीनची क्लोन. प्रयोगशाळेत बनवलेली, स्कॉटकडून एक मूल मिळावं एवढ्यासाठी. अलास्का, विमानं, सगळ्या आठवणी बनावट.

१९८३ ची नोंद खोडली. वेगळी बाई नाही, नक्कल.

याचा फायदा कुणाला झाला ते बघा. स्कॉटने बायको टाकली नाही, कारण ती बायकोच 'खरी' नव्हती. शिवाय ती आता राक्षसीण, पोराचा गळा कापायला निघालेली. असल्या बाईला सोडलं तर चुकलं काय? तीन वर्षांपूर्वी जीनला निर्दोष करायला एक नक्कल लागली होती. आता स्कॉटला निर्दोष करायला दुसरी. एकदा सापडलेली पळवाट दुसऱ्यांदा वापरायला वेळ लागत नाही, हे सरकारी फायली वाचणाऱ्यांना मी सांगायला नको.

मॅडलिन जीनलाही बरोबर न्यायच्या प्रयत्नात मरते. आणि एक बारीक गोष्ट होते, तिच्याकडे तेव्हा फार कुणी लक्ष दिलं नाही. मरताना मॅडलिनच्या आठवणी जीनमध्ये जातात. म्हणजे लग्न, गरोदरपण, नेथनचे पहिले महिने, सगळं आता जीनकडे. बाई गेली, संसार दुसरीच्या नावावर चढला. १९९४ मध्ये स्कॉट आणि जीनचं थाटात लग्न झालं, त्याचा अंक विशेषांक म्हणून निघाला. नेथनला मधल्या काळात भविष्यात पाठवलं गेलं आणि तो केबल नावाचा पांढऱ्या केसांचा लढवय्या होऊन परत आला.

खरं तर इथे संपायला हवं होतं. कंपनीला हवं ते सगळं मिळालं होतं.

पण १९९५ मध्ये ती परत आली. दुसऱ्या विश्वातला एक पोरगा, नेट ग्रे, स्कॉट आणि जीनच्याच रक्ताचा, त्याने नकळत आपल्या मनाच्या शक्तीने तिला उभं केलं. तिला आपण कोण हे आठवत नव्हतं. या काळातल्या काही प्रसंगांबद्दल न बोललेलंच बरं. १९८६ चं प्रकरण ज्यांना ठाऊक नव्हतं असे लेखक तिच्याकडे फक्त कपड्यांसाठी बघत होते, असं माझं मत आहे.

२००८-०९ मध्ये मॅट फ्रॅक्शनने तिला रेड क्वीन म्हणून आणलं. आता तिला देह नाही, नुसती जाणीव आहे, आणि राहायला जीनचा मृतदेह हवाय. (जीन २००४ मध्ये पुन्हा मेली होती. आणि स्कॉट तोवर तिसरीबरोबर होता, हेही सांगून ठेवतो.) थडग्यातला देह आधीच बदलून ठेवलेला असतो, मॅडलिन चुकीच्या देहात शिरते आणि विरून जाते. सापळा लावणारा स्कॉट. २०१४ मध्ये पुन्हा एकदा, दुसऱ्या खलनायिकेने जिवंत केलं. त्यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

मग २०२०, आणि इथे मी खुर्चीत सरळ होऊन बसलो.

२०१९ मध्ये जोनाथन हिकमनने एक्स-मेनची घडीच बदलली होती. म्युटंटांचं स्वतःचं राष्ट्र, क्राकोआ नावाचं बेट. तिथे मरण संपलेलं. पाच म्युटंट मिळून मेलेल्याला नवा देह देतात, जपून ठेवलेल्या आठवणी त्यात घालतात, आणि माणूस उठून बसतो. प्रत्येक म्युटंटाचा तो हक्क. नायक असो, खुनी असो, खुद्द सिनिस्टर असो. सिनिस्टर तर तिथल्या राज्यकर्त्या परिषदेतच बसलेला.

झेब वेल्सच्या 'हेलियन्स' मालिकेत मॅडलिन परत येते, सूड घ्यायचा प्रयत्न करते आणि मरते. स्कॉटचा भाऊ अ‍ॅलेक्स परिषदेकडे जातो: तिला परत आणा. परिषद नकार देते. कारण? ती क्लोन आहे. मूळ जिवंत असताना नकलेला दुसरा देह देता येत नाही. नियम आहे.

जिने तिला बनवलं ती व्यवस्था परिषदेत खुर्चीवर. आणि बनवलेलीला सांगितलं जातंय की तू स्वतंत्र माणूस असल्याचा पुरावा आण. १९८९ मध्ये एका नवऱ्याची अब्रू वाचवायला मागाहून चिकटवलेला 'क्लोन' हा शिक्का एकतीस वर्षांनी कायदा होऊन तिच्यासमोर उभा राहिला. मला वाटतं, लेखकाला हे पुरतं कळलेलं होतं. कारण अ‍ॅलेक्सच्या रागाला त्याने जागा दिलीय आणि परिषदेच्या तोंडी कुठलंही चांगलं उत्तर दिलेलं नाही.

अखेर परवानगी मिळाली, ती परत आली. २०२२ मध्ये व्हिटा अयालाच्या 'न्यू म्युटंट्स'मध्ये मॅजिकने लिंबो या नरकाचं सिंहासन तिच्या हवाली केलं. आणि त्याच वर्षाच्या अखेरीस 'डार्क वेब' ही कथा सुरू झाली. मॅडलिन आणि बेन रायली, स्पायडरमॅनचा क्लोन, दोघं मिळून न्यूयॉर्कवर राक्षस सोडतात. बेनच्याही आठवणी गेलेल्या. दोन नकला, दोघांची तक्रार एकच: आमचं आयुष्य 'खऱ्यांनी' घेतलं.

सुरुवातीला वाटतं, आला पुन्हा तोच इन्फर्नो. पण या वेळी कुणीतरी तिला विचारतं, आणि ती सांगते. तिला न्यूयॉर्क नकोय, स्कॉटही नकोय. तिला नेथनच्या आठवणी हव्यात. ज्या १९८९ मध्ये जीनकडे गेल्या त्या. आणि जीन त्या देते. लढून हिसकावून घ्याव्या लागत नाहीत. शिवाय जीनकडे त्याच मुलाला वाढवल्याच्या स्वतःच्या आठवणी असतात, त्यांतही ती मॅडलिनला वाटा देते. मॅडलिन हल्ला थांबवते.

चाळीस वर्षांत एवढंच कुणी केलं नव्हतं. बाकी सगळ्यांनी तिला मारून पाहिलं होतं.

२०२४ मध्ये 'एक्स-मेन ९७' या कार्टून मालिकेने ही गोष्ट पुन्हा सांगितली. लहान मुलांना ती तिथेच पहिल्यांदा भेटली असेल. तिसऱ्या भागात ती गॉब्लिन क्वीन होते, पण लगेच सावरते, नाव स्वतः निवडते आणि निघून जाते. पाचव्या भागात जेनोशा बेटावरच्या म्युटंटांच्या नव्या शहरावर हल्ला होतो आणि त्या हत्याकांडात ती मरते, इतर हजारोंसारखी. ही गोष्ट अवघ्या तीन भागांत उरकली, तरी बघताना माझ्या घशात आवंढा आला हे कबूल करतो.

कॉमिक्समध्ये मात्र 'डार्क वेब'नंतर तिने न्यूयॉर्कमध्ये लिंबोचा दूतावास उघडला. नरकाचा दूतावास, रीतसर. पुढच्या वर्षी म्युटंटांवर पुन्हा संकट आलं, तेव्हा आसरा मागत आलेल्यांना तिने त्याच इमारतीत घेतलं, आणि स्टीव्ह फॉक्सच्या 'डार्क एक्स-मेन'मध्ये त्यांचं नेतृत्व केलं. अ‍ॅलेक्स तिच्याबरोबर होता. स्कॉटचा तिथे काही संबंध नव्हता.